रुळापलीकडच्या मंगलताई

मंगलताईंची छत्री उडून आमच्या कंपनीच्या हद्दीत आली, त्या दिवसापासून मला त्या बाईंबद्दल कुतूहल वाटायला लागलं.

मी तेव्हा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत, पाण्याच्या पंपांच्या मोटरी बनवणाऱ्या एका कंपनीत टाइम ऑफिसला नवा नवा लागलो होतो. टाइम ऑफिस म्हणजे गेटला चिकटलेली एक खोली. कामगारांची हजेरी, पाळ्या, कोण आलं, कोण गेलं, सगळं तिथून चालायचं. खोलीला दोन खिडक्या होत्या. एक कंपनीच्या आतल्या अंगाला, दुसरी रस्त्याच्या अंगाला. मधे एक खुर्ची आणि खुर्चीवर मी. लोकांकडे बघत बसायची मला पहिल्यापासून खोड आहे. आमची ही म्हणते की कंपनीने तुम्हाला तुमच्या खोडीचाच पगार दिला. तिचं म्हणणं अगदीच खोटं नाही.

गेट सरकतं होतं. त्याच्या खाली काँक्रीटमध्ये लोखंडी रूळ बसवलेला होता, त्यावरून ते कुरकुरत पुढेमागे जायचं. रुळाच्या बाहेर रस्ता, एक बदामाचं झाड आणि काही कुंड्या. रुळाच्या आत कंपनी, आणि तिथेही तशाच काही कुंड्या.

उन्हाळ्याची दुपार होती. एक ट्रक नुकताच बाहेर पडला होता आणि गेट अर्धवट उघडं होतं. बदामाखाली एक बाई छत्री उघडून उभ्या होत्या. वावटळ आली, छत्री हातातून सुटली आणि गोल गोल फिरत रुळाच्या आत दोन पावलांवर जाऊन पडली. गेटवरचा हवालदार पाणी भरायला गेला होता. अडवायला कोणी नव्हतं. मला वाटलं, आता बाई वाकतील आणि छत्री उचलतील. त्या रुळापर्यंत आल्या, थांबल्या, छत्रीकडे बघितलं आणि वळून माझ्या खिडकीशी आल्या.

"भाऊ, माझी छत्री आत गेली. तेवढी आणून द्या."

मी म्हटलं, घ्या की ताई, गेट उघडंच आहे. त्यांनी मान हलवली. मी उठलो, उन्हात गेलो, छत्री आणून दिली. त्यांनी पदराने तिची धूळ पुसली, परत उघडली आणि परत बदामाखाली जाऊन उभ्या राहिल्या. झालं एवढंच. पण मला दुपारभर काही सुचेना.

निवृत्ती हवालदार वणीकडचा, मिशाळ आणि बोलका. तो पाणी घेऊन आल्यावर त्याला विचारलं, तर तो हसला. "त्या व्हय? त्या मंगलताई. युनियनच्या सेक्रेटरी. पाय मोडला तरी आत पडायच्या नाय त्या." का, असं विचारल्यावर म्हणाला, कळंल हळूहळू. ज्याला गोष्ट माहीत असते तो ती लगेच सांगत नाही, हा माझा हवालदार लोकांबद्दलचा जुना अनुभव आहे.

मग मी माझ्या पद्धतीने, म्हणजे खिडकीतून, मंगलताई जमवायला सुरुवात केली.

युनियनचा पुढारी म्हणजे गळ्याच्या शिरा ताणून बोलणारा माणूस, अशी माझी समजूत. मंगलताईंचा आवाज इतका बारीक, की शेजारून टेम्पो गेला तर वाक्य वाहून जायचं आणि त्या तेच वाक्य शांतपणे पुन्हा म्हणायच्या. बेताची उंची, सावळा रंग, सुती साडी, कापडी पिशवी, आणि छत्री बारा महिने. पुराणिक साहेब, म्हणजे आमचे एच.आर. मॅनेजर, चांगले उंच. मंगलताईंचं बोलणं ऐकायचं तर त्यांना वाकावं लागायचं. वाकलेला माणूस लक्ष देऊन ऐकतोय असं दिसतं, आणि असं बराच वेळ दिसलं की तो खरंच ऐकायला लागतो. हा ताईंचा डाव होता की गळाच बारीक होता, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्या सगळ्यांना भाऊ म्हणायच्या. निवृत्ती हवालदार भाऊ, मी खिडकीवाले भाऊ, आणि साहेबसुद्धा पुराणिकभाऊ. साहेबांना पहिल्यांदा ते खटकलं असावं. नंतर मात्र एकदा ताईंनी चुकून "साहेब" म्हटलं, तर ते मागे वळून कोण आलं ते बघायला लागले.

मखमलाबादच्या बाजूला त्यांच्या माहेरचा फुलांचा मळा होता. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. धाकटा भाऊ दगू मळा बघायचा, आणि ताईही त्याच वस्तीवर राहायच्या. त्यामुळे हाताला एक सवय होती. कुठे वाळकं पान, सुकलेलं फूल दिसलं की बोटं आपोआप तिकडे जायची. बदामाखाली कामगारांची वाट बघता बघता त्या कुंड्यांमधली वाळकी पानं खुडायच्या. फक्त रुळाच्या बाहेरच्या. आमच्या गेटच्या बाहेरच्या कुंड्या टवटवीत आणि आतल्या रापलेल्या, असं दृश्य होतं. कंपनीचा माळी या प्रकाराने चक्रावून गेला होता. त्याने आतल्या कुंड्यांना दुप्पट पाणी घातलं आणि त्या आणखी बिघडल्या.

गंमत यायची ती साहेबांची आणि त्यांची बैठक असली की. ताईंच्या युनियनला अजून मान्यता नव्हती, त्यामुळे त्यांच्याशी बोललंच पाहिजे असं कंपनीवर काही बंधन नव्हतं. पण पुराणिक साहेब भला माणूस. ते गेटपर्यंत यायचे आणि म्हणायचे, "ताई, आत बसून बोलू. चहा घेऊ." ताई म्हणायच्या, चहा इथे पाठवा, मी चहाला कुठे नाही म्हणते. मग निवृत्ती दोन प्लास्टिकच्या खुर्च्या बदामाखाली मांडायचा. बसायच्या आधी ताई पदराने खुर्ची पुसायच्या आणि उठल्यावर परत एकदा पुसायच्या. शेजारून कंटेनर चाललेत, चहावर धूळ बसतेय, आणि एवढ्या मोठ्या कंपनीचा मॅनेजर रस्त्यावर बसून रजेच्या नियमांवर बोलतोय. येणारेजाणारे बघायचे. साहेबांना ते फार कानकोंडं व्हायचं, तरी ते यायचे.

मला प्रश्न पडायचा तो असा. ही बाई आत यायला एवढी धडपडते. युनियनच्या मान्यतेसाठी औद्योगिक न्यायालयात अर्ज केलाय, वकिलाकडे खेपा घालते, पाळी सुटली की एकेका बाईला गाठून सभासद करते. का, तर तेव्हाच्या कायद्याप्रमाणे मान्यता असलेल्या युनियनच्या पदाधिकाऱ्याला कामगार जिथे काम करतात ती जागा आत येऊन बघायचा हक्क होता. कामात अडथळा न आणता आत सभासदांशी बोलायचाही हक्क होता. इतकं आत यायचंय, आणि मॅनेजर स्वतः या म्हणतोय तर येत नाही. हे काय गौडबंगाल आहे?

त्या वर्षीची खंडेनवमी आली आणि गौडबंगाल वाढलं.

अंबडला खंडेनवमीचा थाट मोठा. आदल्या दिवसापासून मशिनं घासूनपुसून लख्ख करतात, बंद ठेवतात, हळदीकुंकू लावून झेंडूच्या माळा घालतात. बहुतेक कंपन्यांत त्या दिवशी कामगारांच्या घरच्यांनाही आत बोलावतात. आमच्याकडे मात्र बोलावत नाहीत असं कळलं. सकाळी फुलांचा टेम्पो आला. दगूचाच. बरीच वर्षं आमच्याकडे फुलं त्यांच्याच मळ्यातली यायची, आणि ते कोणाला बदलावंसं वाटलं नव्हतं. टेम्पोत दगूच्या शेजारी मंगलताई बसलेल्या. गेटपाशी टेम्पो थांबला, ताई खाली उतरल्या, टेम्पो आत गेला. फुलं उतरवून तो बाहेर येईपर्यंत त्या बदामाखाली उभ्या. आतून घंटेचा आणि आरतीचा आवाज येत होता. त्या कुंडीतलं पान खुडत होत्या. टेम्पो आला, त्यात बसल्या, गेल्या.

त्या दिवशी मी निवृत्तीला सोडलं नाही. प्रसादाचे दोन पेढे त्याच्यापुढे ठेवले आणि म्हटलं, आता सांग.

मंगलताई आधी आमच्याच कंपनीत होत्या. वाइंडिंगला. म्हणजे मोटरीची तांब्याची तार गुंडाळायची तिथे. त्या खात्यात सगळ्या बायकाच. गुंडाळलेली कॉइल व्हार्निशच्या टाकीत बुडवून काढायची, आणि त्या व्हार्निशचा वास डोक्यात जाणारा, छातीत बसणारा. टाकीच्या वर वास ओढून घेणारा मोठा पंखा होता, पण तो चालवत नसत. ताईंनी बायकांना जमवून युनियन उभी केली, आणि काही दिवसांत काहीतरी कारण काढून त्यांना कामावरून कमी केलं. त्यावर बरंच काय काय झालं. शेवटी ताईंनी नोकरी परत मागितली नाही, युनियनचं काम मात्र धरून ठेवलं.

त्यानंतरच्या खंडेनवमीला त्या दगूबरोबर फुलं घेऊन आल्या. तेव्हा घरच्यांना आत सोडत असत. जुन्या मैत्रिणींनी हाताला धरून त्यांना आत ओढलं. ताईंनी आपल्या जुन्या मशीनला स्वतःच्या हाताने माळ घातली, आणि घालता घालता वर बघितलं. पंखा बंद. त्याचा पट्टासुद्धा काढून ठेवलेला. ताईंच्या डोक्यात तिडीक गेली. घरी जाऊन त्यांनी सरकारी निरीक्षकाकडे तक्रार लिहिली, की मी अमुक दिवशी स्वतः आत जाऊन पाहिलं, पंखा बंद आहे.

"आन तिथंच बाई फसली," निवृत्ती म्हणाला. "खंडेनवमीला कोन्चं मशीन चालू असतं, सांगा बरं? समदंच बंद. पंखाबी बंद."

कंपनीने तेच उत्तर दिलं. पूजेच्या दिवशी सगळं बंद ठेवतो, पट्टे काढून सफाई करतो, ही आमची प्रथा आहे. निरीक्षक आला तेव्हा पट्टा जागेवर होता आणि पंखा गरगरत होता. तक्रार निकालात निघाली. वर कंपनीने म्हटलं की पूजेला पाहुणी म्हणून बोलावलं, प्रसाद दिला, आणि बाईंनी त्याचा असा उपयोग केला. पुढच्या वर्षीपासून घरच्यांना आत सोडणं बंद. पोरंबाळं वर्षातून एकदा आईचं मशीन बघायला नटूनथटून यायची, ती गेटवरून परत गेली. बायका कंपनीवर रागावल्या, पण त्याहून जास्त मंगलताईंवर रागावल्या. काहीजणींनी तर बोलणंच सोडलं.

निवृत्तीने पेढा तोंडात टाकला आणि म्हणाला, तेव्हापासून बाईचा पाय रुळाच्या आत नाही.

मला आता छत्री कळली. पण एक गोष्ट तरीही कळत नव्हती. आत बायका होत्या, त्या रोज पंखा बघत होत्या. त्या ताईंना सांगू शकत होत्या, ताई लिहू शकत होत्या. स्वतः आत जाण्यावाचून एवढं काय अडलं होतं? एकदा ताई खिडकीशी पाणी प्यायला आल्या तेव्हा मी धीर करून विचारलं. त्यांना राग आला नाही. पाणी पिऊन त्यांनी भांडं पदराने पुसलं आणि म्हणाल्या, "मला सांगतात हो, बदामाखाली सांगतात. तेच सुपरवायझरसमोर विचारलं तर खाली बघतात. त्यांचं काय चुकलं? मला काढलेलं त्यांनी बघितलंय. शेजारी कोणी उभं असलं तर माणूस बोलतो. मला तिथं उभं राहायचंय, बस. आणि चालू मशीनच्या दिवशी."

"चालू मशीनच्या दिवशी" हे त्यांच्या तोंडात बसलेलं होतं. साहेबांनी चहाला आत बोलावलं की त्या म्हणायच्या, येईन ना भाऊ, चालू मशीनच्या दिवशी येईन.

या सगळ्यात जिचं खरोखर काही पणाला लागलं होतं ती यशोदा. यशोदा गावित, सुरगाण्याकडची, व्हार्निशच्या टाकीवर होती. पोरं गावी आईपाशी ठेवून इथे अंबड गावात एका खोलीत राहायची. ती पाळीला आली की माझ्या खिडकीपर्यंत तिच्या आधी तिचा खोकला यायचा. पहिल्यांदा तो नुसता खोकला होता. नंतर नंतर ती गेटपासून हजेरीच्या मशीनपर्यंत येताना मधे एकदा थांबायला लागली. पाळी सुटल्यावर मंगलताई बदामाखालून तिच्याकडे बघायच्या, आणि ती पदर तोंडाला लावून सरळ निघून जायची. ताईंशी बोलताना दिसले तर उद्या काम राहील का, ही तिची भीती मला खिडकीतून दिसत होती. ताई हाक मारायच्या नाहीत. नुसत्या तिच्या पाठीकडे बघत राहायच्या. एक दिवस म्हणाल्या, "भाऊ, कोर्टाला घाई नसते. यशोदाच्या छातीला आहे." त्या दिवशी त्यांनी पानं खुडली नाहीत.

मान्यतेला वेळ लागला. ठरावीक सभासद सलग काही महिने टिकवून दाखवायचे होते, आणि रागावलेल्या बायकांना परत आणायचं होतं. ताईंनी त्यांची समजूत घातली ती सुद्धा बारीक आवाजात. चूक माझी होती, असं त्या प्रत्येकीला म्हणायच्या, त्यापुढे काही जोडायच्या नाहीत. एक एक करून बायका आल्या. सगळ्यात शेवटी यशोदा आली. ती आली त्या दिवशी ताईंनी मला खिडकीतून शेवंतीचं एक फूल दिलं. का, ते सांगितलं नाही, आणि मीही पहिल्यांदाच विचारलं नाही.

निकाल लागला, युनियनला मान्यता मिळाली. ताईंनी आधी साहेबांना कळवलं, की अमुक दिवशी सकाळच्या पाळीला येते. मला वाटलं, न कळवता गेल्या असत्या तर पंखा बंद सापडला असता. तसं मी म्हणूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, चोरून बघितलेलं एकदा वाया गेलंय.

त्या दिवशी पुराणिक साहेब स्वतः गेटवर उभे होते, हातात हेल्मेट. बरोबर टाइम ऑफिसचा माणूस असावा म्हणून त्यांनी मलाही बोलावलं. बरं झालं, नाहीतर मी काहीतरी निमित्त काढून गेलोच असतो. मी ताईंपुढे पाहुण्यांना देतो तो 'व्हिजिटर' लिहिलेला बिल्ला धरला आणि मनातून घाबरलो. पाहुणी म्हणून आत यायला नको म्हणणारी बाई, आता यावरून खटका उडणार. ताईंनी बिल्ला घेतला आणि मुकाट गळ्यात घातला. माझं तोंड बघून म्हणाल्या, असू द्या हो, गळ्यात काय लिहिलंय त्याला कोण विचारतं.

छत्री मिटून त्यांनी माझ्या खिडकीत ठेवली आणि रूळ ओलांडला. काही झालं नाही. गेट कुरकुरलं नाही की कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आतल्या रापलेल्या कुंड्यांवरून त्या चालत गेल्या, पण त्यांचा हात पिशवीवरून हलला नाही. ते माझ्या लक्षात राहिलं.

वाइंडिंगला बायकांनी माना वर केल्या, पण हात थांबवले नाहीत. ताईंनी तसं बजावून ठेवलं असणार. व्हार्निशच्या टाकीवर पंखा चालू होता, प्रचंड आवाज करत. सुपरवायझर हाताची घडी घालून उभा. मला वाटलं, संपलं. परत तेच झालं.

ताई टाकीशी गेल्या. यशोदा चिमट्याने कॉइल बुडवत होती. तिने आधी ताईंकडे बघितलं, मग सुपरवायझरकडे. ताई दोन पावलं सरकल्या आणि अशा उभ्या राहिल्या की सुपरवायझर यशोदाला दिसेनासा झाला. पंख्याच्या आवाजात त्यांचं बोलणं ऐकू जाणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवला असावा.

"यशोदा, हा रोज चालतो का?"

यशोदाने कॉइल वर काढली, निथळू दिली, बाजूला ठेवली. मग पदर तोंडावरून काढला. "नाय ताई. आज लावला. तुम्ही येनार म्हनून लावला."

शेजारची एक म्हणाली, खरंय. पलीकडून आणखी एक म्हणाली. मग तिसरी. काम चालूच होतं, हात चालूच होते, आणि एकेक जण खाली बघतच सांगत होती. मी हजेरी घेणारा माणूस. या बायकांचे आवाज मी रोज ऐकत होतो. असे कधी ऐकले नव्हते.

पुराणिक साहेबांनी सुपरवायझरला विचारलं. तो बिचारा काही राक्षस नव्हता. म्हणाला, साहेब, पंखा लावला की समोरच्या दारातून अंगणातली धूळ आत ओढली जाते, ओल्या व्हार्निशवर बसते, माल नापास होतो, आणि बोलणी मला बसतात. म्हणून बंद ठेवतो. साहेब बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले. ते इतकी वर्षं त्या दारातून जायचे-यायचे, पण त्यांना हे कोणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनीही विचारलं नव्हतं. त्यांचा चेहरा पडला.

पुढे अंगणाकडचं दार बंद केलं, नवा पंखा बसवला, मागच्या भिंतीतून नळी बाहेर काढली. यशोदाला टाकीवरून हलवून तयार मोटरी तपासायला बसवलं. तिचा खोकला कमी झाला. पूर्ण गेला असं मला म्हणता येणार नाही, पण हजेरीच्या मशीनपर्यंत येताना ती थांबेनाशी झाली.

त्यानंतर ताई नेमाने यायला लागल्या. हेल्मेट घालायच्या, एक फेरी मारायच्या, दोघीतिघींशी बोलायच्या, परत जायच्या. करार करायची वेळ आली तेव्हा साहेबांना वाटलं, आता पगारवाढीवर घोळ होणार. ताईंनी पहिलीच मागणी ठेवली ती खंडेनवमीला घरच्यांना आत सोडायची. साहेब म्हणाले, वाढ आधी की पूजा आधी? ताई म्हणाल्या, "पूजा माझ्यामुळं बंद झाली, भाऊ. ती आधी."

पूजा सुरू झाली. पोरं नवे कपडे घालून आली, आईच्या मशीनपुढे उभी राहून फोटो काढले. मंगलताई मात्र टेम्पोतून उतरून बदामाखालीच. आता तर त्यांना कोणी अडवत नव्हतं. हक्क होता, आमंत्रण होतं, बायका हाताला धरून ओढत होत्या. तरी नाही.

मी खिडकीतून म्हटलं, आता काय राहिलं ताई? त्यांनी कुंडीतलं एक वाळकं पान खुडलं. मग म्हणाल्या, "आत गेले की माझी नजर वर जाते. पंख्याकडं. सणाला बोलावलं आणि बाई आढ्याची जळमटं बघत बसली, अशी पाहुणी कुणाला बरी वाटेल? मी चालू मशीनच्या दिवशी येते तेच बरं." हे त्या हसत म्हणाल्या, पण मला हसू आलं नाही. बायकांनी त्यांना कधीच माफ केलं होतं. त्यांनी स्वतःला केलं नव्हतं.

अशी वर्षं गेली. ताईंचे गुडघे गेले. युनियनच्या निवडणुकीत त्यांनी नाव दिलं नाही, एक तरुण पोरगी सेक्रेटरी झाली, आणि ती मोठ्या आवाजात बोलते. पुराणिक साहेबांना आता वाकावं लागत नाही. मीही रिटायर व्हायला आलो होतो. नोकरीतली माझी शेवटची खंडेनवमी होती ती.

टेम्पो आला. ताई सवयीने गेटबाहेर उतरल्या, या वेळी दगूचा खांदा धरून. टेम्पो आत गेला. त्या बदामाखाली उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने आतून यशोदा आली, हातात हळदीकुंकवाचं ताट. तिचे केस पांढरे व्हायला लागले होते. ती रुळाच्या आत उभी राहून म्हणाली, "ताई, आता तुम्ही युनियनच्या कोनी नाय. आता कसला हक्क नाय तुम्हाला. आता तरी नुसत्या या."

ताईंनी तिच्याकडे बघितलं. मग हसल्या, अगदी पोटातून. माझ्या खिडकीशी येऊन छत्री ठेवली. रुळाच्या बाहेर चपला काढल्या, देवळाबाहेर काढतात तशा, आणि यशोदाचा हात धरून आत गेल्या.

मी उठून मागोमाग जाऊ शकलो असतो. जन्मभर असं काही बघायला मिळावं म्हणून तर मी त्या खुर्चीत बसलो होतो. पण मी गेलो नाही. निवृत्ती हवालदार केव्हाच नोकरी सोडून वणीला गेला होता, नाहीतर त्याने मला वेड्यात काढलं असतं. बाहेर ताईंच्या चपला उन्हात पडल्या होत्या, त्या उचलून मी बदामाच्या सावलीत ठेवल्या.

त्या बऱ्याच वेळाने आल्या. कपाळभर कुंकू, हातात पेढा. अर्धा मोडून मला दिला. मी विचारलं, कसं झालं?

"सगळं बंद होतं, भाऊ. किती शांत वाटतं सगळं बंद असलं की." त्यांनी चपला पायात सरकवल्या आणि छत्री घेतली. "मी वर बघितलंच नाही."

डोळे पुसायला त्यांनी पदर घेतला, आणि मग त्याच पदराने माझ्या खिडकीची चौकटही पुसली. दगूने त्यांना टेम्पोत चढवलं आणि टेम्पो वळून गेला. त्यानंतर मी त्यांना पाहिलेलं नाही.

संध्याकाळी पाळी सुटल्यावर मी घरी जायला निघालो. रुळाच्या आतल्या कुंड्यांपाशी माळी कपाळाला आठ्या घालून उभा होता. त्यांच्यातली सगळी वाळकी पानं कोणीतरी खुडून एका कडेला नीट ढीग करून ठेवली होती. कोणी केलं असेल, असं त्याने मला विचारलं. मी म्हटलं, पूजेला पाहुणे आले होते ना, त्यांच्यातलं कोणीतरी असेल.